पडलेल्या दाताचं एन्लार्जमेंट

भिंतीला नवा रंग देऊन रंगारी शिडी घेऊन गेले, तेव्हा जावईबापूंना वाटलं, चला, सुटलो. घरात रंगकाम काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढलेलं नाही त्यांच्या सुखात आपण कशाला विष कालवा. पण जावईबापू सुटले नव्हते. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरून सासरेबुवा खाली आले. त्यांच्यामागून दोन माणसं एक भलीमोठी फ्रेम सांभाळत आली आणि बैठकीच्या खोलीतल्या कोऱ्या भिंतीत खिळा ठोकला गेला.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. ते नगररचना कार्यालयाच्या नकाशा विभागात हेडक्लार्क होते, पन्नाशी कधीच ओलांडलेले होते, आणि त्यांना पाळण्यातलं एक चांगलं नावही होतं. पण सासरेबुवा ज्या इमारतीत पहिल्यापासून राहत होते, त्याच इमारतीत दोन मजले खाली घर घेण्याचं धाडस त्यांनी तरुणपणी केलं होतं. सासरेबुवा त्यांना जावईबापू म्हणत, म्हणून शेजारी म्हणू लागले, मग दूधवाला म्हणू लागला, मग इस्त्रीवाला. बाकीचे पुरुष एका घराचे जावई असतात. हे गृहस्थ अख्ख्या इमारतीचे होते. याने माणसाचा कणा थोडा वाकतोच.

तर ती फ्रेम. आतला फोटो वीस बाय चोवीस इंचांचा होता आणि त्यात होती जावईबापूंची बायको, वय वर्षं सहा. सासरेबुवांनी तो स्वतः काढला होता, न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून स्वतः धुतला होता आणि स्वतःच मोठा केला होता. त्यात काय दिसत नव्हतं? स्वेटरचे टाके मोजून घ्यावेत. कपाळावरच्या बटेतला केस न् केस सुटा. डोळ्याच्या बाहुलीत खिडकी दिसत होती आणि खिडकीच्या उजेडात कॅमेरा डोळ्याला लावून वाकलेले तरुण सासरेबुवाही दिसत होते. एवढं शेवटचं पाहुण्यांना दाखवण्यासाठी सासरेबुवा खिशात भिंग बाळगत.

फोटो टांगून झाल्यावर सासरेबुवांनी भिंतीच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे पाहिलं, "शेजारी जागा बरीच आहे," एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले.

यातला टोला बायकोच्या लक्षात आला नाही. ती म्हणाली की खरंच की, शेजारी आपल्या लेकीचा लावू या. त्याच वयाचा. एवढाच मोठा.

लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली होती. तेव्हापासून सकाळी न्हाणीघराचा आरसा वेळेवर मोकळा मिळायचा. त्याचं दोघांनाही वाईट वाटत होतं, पण आरसा मोकळा मिळतो अशी तक्रार कुणाकडे आणि कशी करायची हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे फोटो लावायचा हे लगेच ठरलं. कुठला लावायचा हेही ठरवावं लागलं नाही. लेक सहा वर्षांची असताना तिचा समोरचा वरचा दात पडला, त्या दिवशीचा. इमारतीच्या पायरीवर बसून ती खिडकीएवढं हसते आहे, मधोमध फट, आणि तळहातावर तो दात ठेवून तिने हात कॅमेऱ्यापुढे केला आहे. फोटो झकास होता. अडचण एवढीच की तो डिजिटल होता.

लेक लहान असताना जावईबापूंनी डिजिटल कॅमेरा घेतला, इमारतीतला पहिलाच. विजयाच्या भरात ते सासरेबुवांना म्हणून गेले होते, "अप्पा, आता रोल विसरा."  सासरेबुवांनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला, परत दिला, आणि त्यानंतर जावईबापूंनी काढलेला एकही फोटो पाहिला नाही. कुणी दाखवायला लागलं की त्यांचा चष्मा नेमका वर राहिलेला असे. त्या कॅमेऱ्यात आणखी एक सोय होती. फोटोचा दर्जा उतरवला की कार्डावर कितीतरी जास्त फोटो मावायचे. आता अशी सोय हेडक्लार्कच्या हाती लागली तर काय होणार? जावईबापूंनी दर्जा पहिल्याच दिवशी तळाला नेऊन ठेवला होता आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला हात लावला नव्हता.

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने फाइल उघडली, डोळे बारीक केले आणि विचारलं की काका, याचा पासपोर्ट काढायचा आहे का. वीस बाय चोवीस म्हटल्यावर त्याने जावईबापूंकडे डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं पाहिलं. तरी गिऱ्हाइकाचा शब्द मोडायचा नाही म्हणून प्रिंट काढून दिला. घरी येऊन उलगडला तर आत लेक नव्हतीच, न्हाणीघराची फरशी होती. गुलाबी चौकोन, तपकिरी चौकोन, पांढरे चौकोन. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, स्वयंपाकघरात एक पाय टाकून आणि डोळे अर्धे मिटून पाहिलं की मात्र कुणीतरी हसतंय असं वाटायचं. जावईबापूंनी बायकोला तसं उभं राहायला सांगितलं. ती राहिली, थोडा वेळ पाहत राहिली, आणि म्हणाली की येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वयंपाकघरात पाठवू का?

ही गोष्ट सासरेबुवांच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असं जावईबापूंनी ठरवलं. पण त्यांच्या इमारतीत एखादी गोष्ट लपवायची असेल तर ती घडू न देणं एवढा एकच उपाय होता. हातात ती लांब गुंडाळी घेऊन ते लिफ्टमध्ये शिरले होते, तेव्हा आत सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाईही होत्या. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. बाईंनी जिन्यात थांबवून शांतपणे समजावलं की जे मुळात नाही ते मोठं करून येणार नाही, शून्याला कशानेही गुणा. जावईबापूंना हे लागलं. आपल्या लेकीला कुणी शून्य म्हटलेलं कुठल्या बापाला आवडेल? सेक्रेटरी मात्र उत्साही होते. फोटोला धार लावणारे प्रोग्राम निघालेत, म्हणाले. सोसायटीच्या अहवालातला कमिटीचा फोटो त्यांनी असाच शार्प केला होता. अध्यक्षांची मिशी त्यात गेली ही गोष्ट खरी, पण बाकी सगळं सुरीसारखं आलं होतं, आणि मिशीबद्दल अध्यक्षही आता फारसं बोलत नाहीत.

जावईबापूंनी प्रोग्राम आणला. तो फुकट होता, म्हणून प्रत्येक फोटोच्या मधोमध, लेकीच्या नाकावर, स्वतःचं नाव तिरपं छापायचा. ते घालवण्यापुरते पैसे भरले. मग दिसली ती पट्टी. डावीकडे "मऊ" आणि उजवीकडे "धारदार". अशी पट्टी समोर आली की कुठल्याही भल्या माणसाचा हात कुठे जातो हे तुम्हीच सांगा. जावईबापूंनी ती उजवीकडे सरकवली. लेकीच्या भुवया दिसू लागल्या. आणखी सरकवली. पापण्या दिसू लागल्या. आणखी थोडी, आणि एकेक केस तारेचा झाला, गालांवर वाळू पसरली, डोक्याभोवती पांढरं वलय उगवलं. बायको मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली की पोरगी घासणीसारखी दिसते आहे. जावईबापूंनी पट्टी निमूटपणे थोडी मागे घेतली, आणि तरीही एक प्रिंट काढून आणला.

रोज ऑफिसातून आले की ते कॉम्प्युटरसमोर बसू लागले. पाहता पाहता त्यांना त्या विषयातलं बरंच कळू लागलं, आणि अर्धवट ज्ञान झालेल्या माणसाइतका घरात त्रासदायक प्राणी दुसरा नसतो. पोळी तव्यावर असताना बायकोला पिक्सेल म्हणजे काय ते समजावून सांगायचे. फिल्मवर ठिपके नसतात, दाणे असतात, आणि ते वेडेवाकडे पसरलेले असतात म्हणून डोळ्यांना टोचत नाहीत, आपले ठिपके मेले सरकारी कवायतीसारखे रांगेत उभे, म्हणून दिसतात, हे त्यांनी तिला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तीच पोळीवरचे डाग दाखवून म्हणाली, "हे बघा, फिल्म."

मग सेक्रेटरींनी दुसरा प्रोग्राम सुचवला. हा हुशार होता. जे फोटोत दिसत नाही ते हा अंदाजाने भरून काढायचा. जावईबापूंना या गुणाबद्दल आदरच वाटला, कारण त्यांच्या ऑफिसात या एका गुणावर माणसं वरच्या पदाला गेली होती. त्यांनी फाइल दिली, बटण दाबलं आणि चहा करायला गेले. परत आले तर कप हातातच राहिला. पडद्यावर लेक होती. पापणी न् पापणी वेगळी. फ्रॉकच्या कॉलरची शिवण. गालावरची लव. डोळ्यांत चमक, आणि त्या चमकेत खिडकीसुद्धा, जी त्या पायरीवर कधीच नव्हती. जावईबापूंचे डोळे भरून आले. ते वरच्या मजल्याकडे, म्हणजे छताकडे, पाहून मनातल्या मनात जे म्हणाले ते इथे सांगण्यात अर्थ नाही, पण त्यात रोलचा उल्लेख होता.

त्यांनी बायकोला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, पडद्यापुढे उभी राहिली, वाकली आणि बारकाईने पाहू लागली.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाची मुलगी?"

जावईबापूंनी पुन्हा पाहिलं. आणि मग त्यांना दिसलं. दात. मधली फट त्या हुशार प्रोग्रामने भरून टाकली होती. पांढराशुभ्र, भक्कम, रुंद दात बसवला होता. तळहातावरचा खरा दात काय असावा हे त्याला उमगलं नव्हतं, म्हणून त्याची त्याने गोल गुळगुळीत गोळी करून टाकली होती. एकूण चित्र असं, की एक अनोळखी, निरोगी मुलगी औषधाच्या गोळीची शिफारस करते आहे.

इमारतीच्या तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. जावईबापू दुसऱ्याच संध्याकाळी फोटो घेऊन तिथे गेले. डॉक्टर स्वभावाने गंभीर होते आणि त्यांच्यापुढे कुणी जबडा धरला की तो कागदावरचा आहे की खरा याने त्यांना फरक पडत नसे. त्यांनी दिवा जवळ ओढला, फोटोतलं तोंड नीट तपासलं आणि मत दिलं की हा दात मोठ्या माणसाचा आहे, बहुधा पुरुषाचा, आणि सहा वर्षांच्या हिरडीत तो राहू शकत नाही.

"मग?" जावईबापूंनी विचारलं.

"काढावा लागेल," डॉक्टर सवयीने म्हणाले.

आणि खरोखरच, दवाखाना बंद झाला की डॉक्टर वर येऊन जावईबापूंच्या शेजारी बसू लागले. जावईबापूंच्या हातात माउस आणि डॉक्टर बोटाने दाखवणार, इथून, हिरडीच्या कडेकडेने, घाई नको. पहिल्यांदा दात पुसून काळा रंग भरला तर तो कीड लागल्यासारखा दिसू लागला आणि डॉक्टर अस्वस्थ झाले. दुसऱ्यांदा फट जमली, पण ती इतकी आखीव झाली की पत्र टाकायला ठेवल्यासारखी वाटे. तिसऱ्यांदा छान जमली, म्हणून पुन्हा मोठं करायला प्रोग्रामकडे दिली, तर त्याने नवा दात बसवून परत दिला. घरात सगळा आठवडा दात काढण्याचं काम चाललं होतं आणि हसत कुणीच नव्हतं. शेवटी एकदाची जरा बरी फट जमली, तेव्हा डॉक्टरांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि आज गरम काही खाऊ नका म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते चप्पल घालून निघून गेले.

आता प्रिंट. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याच्या यंत्रावर जावईबापूंचा विश्वास राहिला नव्हता. आणि त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात, नकाशा विभागात, एक अवाढव्य यंत्र होतं, जे गल्लीबोळांच्या केसाएवढ्या रेषा चादरीएवढ्या कागदावर छापायचं. फी भरून कुणाही नागरिकाला तिथून प्रिंट मिळत असे. जावईबापूंनी नियमाप्रमाणे फी भरली, नियमाप्रमाणे अर्ज केला आणि तो नियमाप्रमाणे त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो साहेबांकडे पुढे पाठवला. साहेब भला माणूस. फोटो पाहून म्हणाले, गोड आहे हो मुलगी. पण या यंत्रावर फक्त नकाशे छापण्याची परवानगी आहे. आणि नकाशा म्हटला की त्यावर शीर्षक हवं, प्रमाण हवं आणि उत्तर दिशा हवी. त्याशिवाय यंत्र फाइल घेतच नाही, तशी सोयच करून ठेवली आहे. जावईबापूंनी विचार केला, छापू देत कडेला. कडा कापून टाकू.

यंत्र तसं शहाणं होतं. नकाशात मोकळी जागा कुठे आहे ते शोधून ते बाण तिथे छापायचं, म्हणजे घरंदारं झाकली जात नाहीत. लेकीच्या फोटोत सगळ्यात मोकळी जागा होती तिचं कपाळ. प्रिंट बाहेर आला तेव्हा विभागातले सगळे उभे राहून पाहत होते. रंग सुरेख, रेषा सुरेख, आणि कपाळाच्या मधोमध काळाभोर बाण, वर "उ". हनुवटीखाली लिहिलं होतं, एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर. जावईबापूंनी ती गुंडाळी काखेत मारली आणि कुणाकडेही न बघता, इतक्या वर्षांत प्रथमच, अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर सासरेबुवा उभे होते. त्यांची कवळी सैल झाली होती म्हणून ते डॉक्टरांकडे गेले होते, आणि डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात हात घालून, म्हणजे ते मध्ये बोलू शकत नसताना, सगळी हकीकत सांगितली होती. काळजीने सांगितली होती. जावईबापू हल्ली चहासुद्धा पीत नाहीत, म्हणाले होते.

लपवायला वेळच नव्हता. सगळे प्रिंट कोचावर एका ओळीत टेकवून ठेवले होते, कारण कुठला कमी वाईट हे ठरवायचं चाललं होतं. फरशीवाली, घासणीवाली, दातवाली, आणि बाणवाली. सासरेबुवांनी खिशातून भिंग काढलं. जावईबापू शाळेत उत्तरपत्रिका परत मिळताना पोरं उभी राहतात तसे कोचाच्या टोकाशी उभे राहिले. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली. सासरेबुवा एकेका प्रिंटवरून सावकाश भिंग फिरवत गेले. बाणापाशी ते जरा जास्त थांबले. त्यांच्या मिशा हलल्या.

"मूळ केवढा आहे?" त्यांनी भिंग खिशात ठेवत विचारलं.

जावईबापूंनी कॉम्प्युटरवर मूळ फोटो लावून दाखवला. पडद्याच्या मध्ये, पोस्टकार्डाएवढा. आज चष्मा डोळ्यांवर होता. सासरेबुवा खुर्ची ओढून बसले आणि फोटोकडे पाहत राहिले.

"हा तर चांगला आहे."

"एवढासाच चांगला आहे, अप्पा," जावईबापू म्हणाले. आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. त्यांना रोलशी बरोबरी करायचीच नव्हती, असं ते म्हणाले, आणि लगेच म्हणाले की करायची होती. पण ते महत्त्वाचं नव्हतं. लेकीचं सगळं लहानपण त्यांनी त्या कॅमेऱ्यात भरून ठेवलं होतं, आणि जास्त मावावं म्हणून सगळंच्या सगळं बारीक करून ठेवलं होतं. आता ती एवढी मोठी होऊन निघून गेली, आणि मागे राहिली ती पोस्टकार्डाच्या वर एक बोटही वाढत नाही. "आता नव्याने तर काढता येणार नाही ना," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले, जो पुसलेलाच होता.

सासरेबुवांनी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं की असे आणखी किती आहेत.

"चार हजारांच्या वर असतील."

"तिचे एकटीचे?"

"हो."

"दाखवा," सासरेबुवा म्हणाले.

जावईबापू बसले आणि दाखवू लागले. लेक बादलीत बसलेली. लेक एका पायात बापाचा बूट घालून जिना उतरताना. लेक जेवणाच्या ताटावर मान टाकून झोपलेली, गालाला भात. हललेले, तिरपे, अर्धं डोकं कापलेले, एकामागून एक. काहींत तर नुसता अंगठा होता. सासरेबुवा प्रत्येकाला "पुढचा" म्हणत, पण लगेच म्हणत नसत. शाळेच्या पहिल्या दिवशी लेकीने दारात भोकाड पसरल्याचा एक फोटो आला, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. पुढचा, असं काही त्यांनी म्हटलं नाही. ते मागे वळून स्वयंपाकघराच्या दारातल्या आपल्या मुलीकडे पाहू लागले, मग भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"हिचे माझ्याकडे सगळे मिळून अकरा आहेत," ते म्हणाले. "सगळे शार्प. सगळ्यांत ही सरळ बसलेली, हात मांडीवर. ही रडायची कशी, ते माझ्याकडे नाही. रडण्यावर कोण रोल घालवणार?"

 बायको आत गेली आणि तिने उगीचच नळ सोडला.

"मी फार रडायचे का हो अप्पा?" आतून तिने विचारलं.

"फार," सासरेबुवा म्हणाले. "घर डोक्यावर घ्यायचीस." आणि मग जावईबापूंकडे वळून, "पुढचा."

दुपार उलटून गेली तरी ते दोघे तिथेच होते. चहा दोनदा झाला. जावईबापू प्रत्येक फोटोची हकीकत सांगत होते आणि सासरेबुवा ती अडवत नव्हते, हे दोन्ही घरांच्या इतिहासात नवीन होतं. मधे एकदा सासरेबुवांनी सहज विचारलं की यात रोल बदलावा लागत नाही तर थांबायचं केव्हा हे कळतं कसं. जावईबापू म्हणाले, नाही कळत, अप्पा, तोच तर घोळ झाला.

वीस बाय चोवीसचा प्रश्न सासरेबुवांनी दोन वाक्यांत सोडवला. फ्रेम तेवढीच मोठी घ्यायची, फोटो पोस्टकार्डाएवढाच ठेवायचा, मधल्या सगळ्या जागेत पांढरा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठा, घालायचा. ज्याला बघायचं आहे तो जवळ येईल. जावईबापूंना हे ऐकून बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, आणि सुचावी तर नेमकी यांना. माउंट सासरेबुवांनी स्वतः कापला. कटर त्यांच्या हातात जरा थरथरत होता, म्हणून पट्टी जावईबापूंनी धरली. पहिला कापताना तिरका गेला. तिरका का गेला यावरून दोघांचं थोडं वाजलं. पट्टी हलली असं एक म्हणाले आणि हात हलला असं दुसरे. दुसरा माउंट सरळ आला.

फ्रेम टांगली तेव्हा बायकोने लेकीला व्हिडिओ कॉल लावला. लेक कुठल्यातरी रस्त्यावरून चालत होती, मागे गाड्यांचे आवाज. आजोबांना फोनच्या पडद्यावर पाहून ती चालता चालता थांबली, कारण ते अशा कॉलला कधी येत नसत. जावईबापूंनी फोन भिंतीकडे धरला. आधी तिची आई दिसली, स्वेटर घातलेली, मोठी. मग भरपूर पांढरी जागा आणि तिच्या मधोमध पायरीवर बसलेली ती स्वतः. ती म्हणाली की एवढुसा? नीट दिसत नाहीये, जवळ न्या ना. जावईबापूंनी फोन फ्रेमच्या पार जवळ नेला. तिने दोनतीन सेकंद डोळे बारीक करून पाहिलं, आणि मग इतकी मोठ्याने हसली की फोन हातात थरथरला. त्याच क्षणी तिकडचं नेटवर्क गेलं.

पडद्यावर ती होती तशी थिजली. तोंड सताड उघडं, एक डोळा मिटलेला, कपाळाचे चौकोन झालेले, हनुवटी एकीकडे सरकलेली, आणि डोक्यामागचा रस्त्यावरचा दिवा पसरून नुसता पिवळा ठिपका. आवाजही गेला. जावईबापू सवयीने कॉल बंद करून पुन्हा लावायला निघाले, तर सासरेबुवांनी त्यांचं मनगट धरलं.

तिघं डोकी जवळ आणून त्या चौकोनांकडे पाहत उभी राहिली.

"हा असाच ठेवता येतो का?" सासरेबुवांनी हळूच विचारलं.

येतो, जावईबापू म्हणाले, आणि त्यांनी फोनच्या कडेची दोन बटणं एकदम दाबली. आत कुठेतरी कॅमेऱ्यासारखा टक् असा आवाज झाला.

"मोठा करायला मात्र जाऊ नका," सासरेबुवा म्हणाले.